सात फुटी टेबलाचे दोन मिलिमीटर

माझ्या धंद्याला नाव नाही. पूलची टेबलं बसवतो, त्यांचं कापड बदलतो, कडेचं रबर बदलतो, टेबल पाणसळीत, म्हणजे चारी बाजूंनी एका पातळीत, आणतो. सांगलीत लग्नाकार्यात कुणी विचारलं की आमच्या घरचे "फर्निचरचं काम करतात" म्हणून सांगतात, कारण खरं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हंजे बारमध्ये?" व्हय, बारमध्ये. परमिट रूममध्ये, हायवेच्या ढाब्यामागच्या शेडमध्ये, जिमच्या पोटमाळ्यावर, जिथं टेबल असेल तिथं.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. शिक्षकाची नोकरी का लागली नाही ते इथं लिहीत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मिरजेत एक म्हातारे उस्ताद होते, क्लबांतली बिलियर्डची, बारमधली पूलची जुनी टेबलं सांभाळायचे. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. ते शाळेत गेलेले नव्हते. त्यामुळं मी त्यांच्याकडून हात शिकलो, पण त्यांच्या तोंडचं कधी नीट ऐकलं नाही. सही करायला अंगठा पुढं करणारा माणूस आपल्याला मोजमाप काय शिकवणार, असं मनात होतं. लोक मला 'बीएस्सी मिस्त्री' म्हणायचे. मला ते आवडायचं. अजून आवडतं, हे कबूल करतो.

ज्यांनी हे टेबल फक्त लांबून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबल म्हणजे टेबल, असं नसतं. क्लबातलं मोठं टेबल वेगळं आणि बारमधलं सात फुटी वेगळं. मोठ्या टेबलाखाली दगडाच्या तीन फरश्या असतात, सांधे मेणानं भरायचे. सात फुटीला एकच अखंड फरशी, म्हणजे सांध्याची कटकट नाही, पण उचलायला सहा माणसं. त्यावर कापड. आपल्याकडं जुनी माणसं बनात म्हणायची. बारमधलं कापड जाड, लवदार आणि मिश्र धाग्याचं असतं, कारण त्याच्यावर बिअर सांडणार, सिगरेटची राख पडणार, कुणीतरी वर बसून फोटो काढणार. ते टिकतं, पण त्यावर बॉल रांगतो. स्पर्धेचं कापड पातळ, विणकाम घट्ट, लव नाही. त्यावर बॉल पळतो. तेवढ्याच जोरानं मारलेला बॉल जाड कापडावर टेबलाच्या तीन लांब्या जाऊन थांबत असेल, तर पातळ कापडावर चार-पाच जातो. मी नवं टेबल लावलं की पहिल्यांदा हेच बघतो.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणाला दिसत नाही : कडेचं रबर. कापडाखाली झाकलेलं असतं. बॉल त्याच्यावर आदळून परत येतो. ते किती उंचीवर बसवलंय यावर सगळा खेळ. बॉलच्या मधोमध नव्हे, मध्याच्या थोडं वर त्याचं टोक लागलं पाहिजे. खाली बसलं तर बॉल उडी मारतो. वर बसलं तर रबर बॉलला डोक्यावर दाबतं, बॉल कापडात रुततो आणि मेल्यासारखा बाहेर येतो, कडेला लागून सरपटत जातो. बघणाऱ्याला काही कळत नाही. खेळणाऱ्यालाही कळत नाही. त्याला वाटतं, आपलाच हात बिघडला.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अख्खा दिवाळी अंक पुरणार नाही. ज्या टेबलावर नाणं टाकून खेळतात तिथल्या मालकाला डाव लवकर संपायला हवा असतो. जिथं तासावर खेळतात तिथल्या मालकाला डाव लांबायला हवा असतो. दोघंही मला सांगतात, "मिस्त्री, टेबल चांगलं करा." तासगावात एका बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं हौसेनं टेबल घेतलं. सहा महिन्यांत फोन. "टेबल पळंना." जाऊन बघतो तर कापड तेलकट, पिवळं, हात लावला की चिकटतंय. सीझनला बायका त्याच्यावर बेदाणा निवडायला बसवल्या होत्या.

"आवं, लय सपाट हाय," तो म्हणाला. "एवढं सपाट दुसरं काय हाय आमच्याकडं?"

त्यानं माझ्या पाणसळीचं कौतुकच केलं होतं.

शिराळ्याला एकदा नागपंचमीच्या दिवशीच पोचलो. कापड ताणून बसवलं, कडा कापायला कात्री काढली, तर मालकाची आई दारातून ओरडली, "मिस्त्री, आज कातर न्हाई लावायची! आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई." मी म्हणालो, "आजी, हे भाजी न्हाई, कापड हाय." म्हणाली, "नागाला काय कळतंय, भाजी का कापड?" फिजिक्स तिथं चाललं नाही. कापड तसंच ताणून सोडलं, मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी कापलं. मला वाटलं, ढिलं पडेल. उलट रातोरात ते छान बसलं. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी कापड एक दिवस ताणून ठेवतो. हे त्या आजीला कधी सांगितलं नाही. दुसऱ्याकडनं शिकलो हे सांगायची सवय मला नाहीच.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एक गेलं नाही, आणि खरं तर तेच लिहायला बसलोय.

उंब्रजला एक सुभेदार आहेत. फौजेतून पेन्शनीत आले, हायवेलगत हार्डवेअरचं दुकान टाकलं. पलटणीत असताना मेसमध्ये पूल खेळायचे. त्यांची मुलगी प्रणाली तेव्हा एकोणीस वर्षांची, कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजजवळच्या एका पूल पार्लरमध्ये मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून खेळली आणि पोरांना हरवून आली. गावात बोलणं झालं. सुभेदारांनी ते बंद केलं, पण खेळ बंद केला नाही. हायवेवरची एक परमिट रूम बंद होत होती, तिथलं नाण्याचं सात फुटी टेबल त्यांनी उचललं आणि दुकानामागच्या शेडमध्ये आणून टाकलं. मला बोलावलं.

"मिस्त्री, पोरीला एक वरीस दिलंय," ते म्हणाले. "सांगलीला निवड स्पर्धा हाय. राज्याच्या टीममध्ये आली तर पुण्याला ठेवतो, खेळू दे. न्हाई आली तर टेबल विकायचं आणि गप स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा. लिखापढी न्हाई, जबान दिलीया."

"आणि सांगलीची टेबलं?" मी विचारलं.

"तीच इचारायला बोलावलंय. तिथली टेबलं कुणी लावल्यात?"

"मीच," मी म्हणालो. खरं होतं. त्या हॉलची चारही सात फुटी टेबलं माझ्या हातची होती.

"मग झालं! हे टेबल त्येच्यागत करा. एकदम सेम. पोरीला तिथं गेल्यावर वाटलं पायजे, घरातच हाय."

टेबलाची दशा वाईट होती. रबर दगडासारखं कडक झालेलं. कापडावर ग्लासांच्या गोल खुणा. पातळ कापड त्या शेडमध्ये टिकणार नाही, खालून ओल येते, म्हणून मधल्या जाडीचं घालायचं ठरलं. ते मी सुभेदारांना सांगितलं. रबर मात्र सांगलीतलंच, त्याच मालाचं.

आता नाण्याच्या टेबलाची एक गंमत आहे. खेळताना रंगीत बॉल पॉकेटमध्ये गेले की आतल्या पेटीत अडकतात, नाणं टाकल्याशिवाय बाहेर येत नाहीत. पांढरा बॉल मात्र दर वेळी परत आला पाहिजे, नाहीतर डाव कसा चालणार? म्हणून जुन्या टेबलांमध्ये पांढरा बॉल थोडा मोठा करतात. आतली वाट त्याला वेगळा काढते. हे मला माहीत होतं. शंभर वेळा लोकांना समजावून सांगितलेलं होतं.

त्या दिवशी पेटीला कुलूप, आणि किल्ली परमिट रूमच्या मालकाकडं. तो गोव्याला. रंगीत बॉल सगळे आत. हातात एकच बॉल होता, पांढरा.

उस्ताद रबर बसवताना कधी टेप लावायचे नाहीत. एक रंगीत बॉल घ्यायचे, रबराला टेकवायचे, डोळा फरशीला लावून बघायचे, बोटाचं नख फिरवायचे. "रंगवाला लेना, सफेद नहीं," असं दर वेळी पुटपुटायचे, जणू मंत्र. का, ते मी कधी विचारलं नाही. मी व्हर्नियर कॅलिपर वापरायचो, प्रॅक्टिकलला वापरतात तो. पांढऱ्या बॉलचा व्यास घेतला, गुणाकार केला, रबराची उंची काढली. सांगलीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त आली. एक क्षण खटकलं. मग वाटलं, कापड जाड आहे, त्यामुळं असेल. कडेच्या लाकडी पट्ट्यांखाली सनमायकाच्या मिलिमीटरभर जाडीच्या दोन दोन पट्ट्या घातल्या आणि उंची वाढवली. प्रणाली शेजारी उभी होती. कॅलिपर बघून म्हणाली, "काका, तुमी फिजिक्स का?" मी तिला वाचन घ्यायला शिकवलं. तिनं अचूक घेतलं. मला बरं वाटलं, आपल्यासारखंच कुणीतरी पहिल्यांदा शिकतंय.

दोन दिवसांनी ग्राइंडरनं कुलूप तोडलं, रंगीत बॉल बाहेर काढले, नाण्याची यंत्रणा काढून टाकली. पांढरा मोठा बॉल गेला, त्याच्या जागी नेहमीच्या मापाचा आला. तेव्हा रबर पुन्हा मोजायला पाहिजे होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मोजलं नाही. सुभेदारांनी विचारलं, "सांगलीचं आणि आपलं सेम ना?"

"कापडाचा थोडा फरक. बाकी एकच," मी म्हणालो. "माझ्या हातचं आहे."

प्रणाली वर्षभर त्या टेबलावर खेळली. सकाळी कॉलेजच्या आधी दोन तास, परत आल्यावर तीन तास. दर दोन महिन्यांनी मी कापडाला इस्त्री करायला, पाणसळ बघायला जायचो, तेव्हा बघायचो. लय सुंदर खेळायची. रबरावर मारून पलीकडच्या पॉकेटमध्ये घालायचा मार ही तिची खासियत होती. तिथं मी चूक पाहिली नाही, कारण चूक नव्हतीच. पोरीला ते टेबल पाठ झालं होतं. रबर मेलेलं आहे, बॉल सरपटत लांब जातो, हे तिच्या मनगटानं केव्हाच ओळखून घेतलं होतं आणि निशाणा त्याप्रमाणं बदलला होता.

स्पर्धेच्या महिनाभर आधी सुभेदारांनी तिला एक दिवस सांगलीच्या हॉलमध्ये सरावाला नेलं. परत आल्यावर तिनं मला फोन केला. म्हणाली, "काका, तिथं बॉल लवकर उघडतोय. रबरावरनं सरळ बाहेर येतोय. पॉकेटच्या चार बोटं अलीकडं लागतोय."

"कापड पातळ आहे तिथलं. बॉल पळतो. पळणारा बॉल रबरात जास्त दबतो, म्हणून आखूड येतो. जोर कमी कर."

"केला की. हळू मारलं तरी चार बोटंच. कापडानं वेग बदलंल काका, पण फरक सारखाच कसा येईल?"

प्रश्न बरोबर होता. सगळ्या धंद्यात मला इतका बरोबर प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मी काय केलं? मी चिडलो. वीस वर्षांची पोर मला माझं काम शिकवतेय, असं वाटलं.

"हे बघ," मी म्हणालो, "दोन्ही टेबलं मी लावलीत. डिग्री आहे माझ्याकडं. टेबलावर संशय घेतलास की खेळ संपला. हात सुधार."

ती "बरं," म्हणाली. महिनाभर तिनं हात सुधारला. म्हणजे बरोबर असलेला हात बिघडवला.

स्पर्धेला मी होतो. टेबलांची देखभाल माझ्याकडंच होती. पहिल्या दोन फेऱ्या ती जिंकली, सरळ मारांवर. रबरावरचा मार टाळत होती हे माझ्या लक्षात आलं. निवडीच्या सामन्यात समोर पुण्याची मुलगी. दोन-दोन डाव झाले. पाचव्या डावात शेवटचा काळा बॉल राहिला आणि सरळ वाट बंद. रबरावरून घालण्यावाचून इलाज नव्हता.

सुभेदार माझ्या शेजारी खुर्चीत. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "हा तिचा मार हाय. डोळं झाकून घालती."

तिनं वेळ घेतला. निशाणा धरला, मग थोडा हलवला, मग परत पहिल्या जागी आणला. टेबलं एकच आहेत हे माझं सांगणं आणि तिनं सरावात पाहिलेला चार बोटांचा फरक यांची ओढाताण मला तिथून दिसत होती. हळू मारलं. बॉल रबरावरून आला आणि पॉकेटच्या अलीकडं लागला. चार बोटं. मोजून चार बोटं.

तेव्हा मला कळलं. कापड नव्हे. कापडाची चूक कधी इतकी सारखी नसते. पांढरा बॉल, कॅलिपर, कुलूप, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढं आलं. समोरच्या मुलीनं काळा घातला. टाळ्या झाल्या. प्रणालीनं जाऊन तिच्याशी हात मिळवला, काठी पुसली, पिशवीत ठेवली. रडली नाही. सुभेदार उठले आणि मला म्हणाले, "चला मिस्त्री, तुमी तर तुमचं काम केलं."

मी उंब्रजला लगेच गेलो नाही. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला : टेबलाला गिऱ्हाईक मिळालंय, उतरवून द्या. दिलेली जबान फिरवणारा माणूस नाही तो.

शेडमध्ये गेलो. सुभेदार होते, प्रणाली होती, बॉल पेटीत भरत होती. मी कडेच्या पट्ट्यांचे बोल्ट काढले. पट्टी उचलली आणि खालून सनमायकाचे तुकडे फरशीवर पडले. प्रणालीनं एक उचलला. बोटांत धरून बघितला. मग दुसरा त्याच्यावर ठेवला. तिला सांगायची गरज नव्हती. त्या मोठ्या पांढऱ्या बॉलचं वाचन घ्यायला मीच शिकवलं होतं.

सुभेदार बाहेर टेम्पो कुठं लावायचा ते बघत होते. तिथूनच म्हणाले, "टेबल झकास व्हतं मिस्त्री. खोट टेबलात न्हवती, पोरीत व्हती. ऐन वेळंला कच खाल्ली."

प्रणाली म्हणाली, "अण्णा, मिस्त्रीकाकांना इचारा की. दोनी टेबलं त्यांनीच केल्यात."

आवाजात राग नव्हता. तिनं मला वाट करून दिली होती, एवढंच. सुभेदार आत आले, माझ्याकडं बघत उभे राहिले. "काय मिस्त्री? काय फरक व्हता का?"

एका वाक्याचं काम होतं. माझी चूक झाली. पोरगी बरोबर होती, तिला अजून एक वर्ष द्या. बस्स. टेम्पोवाला परत गेला असता, पट्ट्यांखालचे तुकडे काढून मी त्याच दुपारी रबर बरोबर बसवलं असतं. हे सगळं मला दिसत होतं. त्याचबरोबर सातारा-सांगलीतला प्रत्येक हॉलवाला दिसत होता, 'बीएस्सी मिस्त्रीला बॉल मोजता येत न्हाई' म्हणून हसणारा.

"कापडाचा थोडा," मी म्हणालो. "बाकी एकच."

सुभेदारांनी मान हलवली. प्रणालीनं ते दोन तुकडे माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवले, माझ्याकडं न बघता, आणि ती घरात गेली. सहा माणसांनी फरशी उचलली.

ती आता कराडला एका क्लासला जाते, असं मध्यंतरी कळलं. तिसऱ्यांदा परीक्षेला बसलीय. सुभेदार अजून मला गिऱ्हाइकं पाठवतात. "शिकल्याला माणूस हाय, काम चोख," म्हणून सांगतात. प्रत्येक वेळी फोन आला की मी "आभारी आहे" म्हणतो आणि कामाला जातो. रबर बसवताना आता रंगीत बॉल वापरतो, नख फिरवून बघतो. त्यानं उंब्रजच्या त्या एका वर्षाचं काही होत नाही.

तोंडानं सांगायची दोनदा संधी आली, दोनदा घालवली. लिहायला मात्र मला येतं. तेवढ्यासाठीच वडिलांनी शिकवलं असेल, तर त्यांचं नाव मी फार उशिरा राखतोय. सुभेदार, ती दोन टेबलं एक नव्हती. तुमच्या टेबलाचं रबर मी चुकीचं बसवलं, आणि ते मला सांगलीतच कळलं होतं. पोरीनं कच खाल्ली नव्हती. मी खाल्ली होती.